आवळा तोशिबाचा, कोहळा हॉलिवूडचा

शुक्रवार, २ नोव्हेंबर २००७. अमेरिकेतल्या वॉलमार्टच्या दुकानांत तोशिबाचा एचडी-ए२ नावाचा, एचडी डीव्हीडी ही जास्त स्पष्ट चित्राची नवी डिस्क वाजवणारा प्लेअर ९८ डॉलर ८७ सेंटना मिळत होता. त्या वेळच्या दराने चार हजार रुपयांच्या आत. हाच प्लेअर वर्षभरापूर्वी बाजारात आला तेव्हा त्यावर ४९९ डॉलरची चिठ्ठी होती. वॉलमार्टचं पाहून बेस्ट बाय आणि सर्किट सिटी यांनीही किंमत तेवढीच खाली आणली. त्या दोन-तीन दिवसांत नव्वद हजारांच्या आसपास प्लेअर खपल्याच्या बातम्या आल्या आणि एचडी डीव्हीडीच्या गोटात दिवाळी साजरी झाली.

योगायोग असा, की त्याच दिवशी अमेरिकेत सोनीने प्लेस्टेशन ३ या गेमच्या यंत्राचं ४० जीबीचं स्वस्त मॉडेल आणलं. त्यात एचडी डीव्हीडीची प्रतिस्पर्धी डिस्क, ब्लू-रे, चालायची. किंमत ३९९ डॉलर, म्हणजे तोशिबाच्या चौपट.

त्यानंतर १०९ दिवसांनी, १९ फेब्रुवारी २००८ ला, तोशिबाचे अध्यक्ष आत्सुतोशी निशिदा यांनी टोकियोत पत्रकारांसमोर सांगितलं की कंपनी एचडी डीव्हीडीचा धंदा बंद करत आहे. चौपट महाग माल विकणारा जिंकला आणि जवळजवळ फुकट वाटणारा हरला. या लढाईबद्दल लिहिताना बहुतेक जण दोन डिस्कच्या तांत्रिक गुणदोषांत रमतात. मला त्यातलं हिशेबाचं अंग जास्त रंजक वाटतं, कारण तोट्यात माल दोघंही विकत होते. प्रत्येक नगामागे सोनीचा तोटा तर तोशिबापेक्षा मोठा होता. मग एकाचा तोटा कामी आला आणि दुसऱ्याचा पाण्यात गेला, तो का?

एकाच लेझरच्या दोन डिस्क

तांत्रिक भाग थोडक्यात आटोपतो, पण तो सोडून पुढे जाता येत नाही, कारण पैशाचं गणित त्यातूनच निघतं.

डिस्कवर किती माहिती मावणार हे लेझरचा ठिपका किती बारीक होतो यावर ठरतं. ठिपका बारीक करायचे दोन मार्ग: प्रकाशाची तरंगलांबी कमी करा, किंवा भिंग जास्त ताकदीचं लावा. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा तांबडा लेझर ६५० चा. नव्वदच्या दशकात जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी आधी निळा एलईडी आणि मग निळा-जांभळा लेझर प्रत्यक्षात आणला आणि ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश हाती आला. (निळ्या एलईडीच्या कामाबद्दल २०१४ साली नाकामुरा, आकासाकी आणि आमानो यांना नोबेल मिळालं.)

हा लेझर दोन्ही गोटांनी वापरला. फरक भिंगात होता. तोशिबा आणि एनईसी यांनी एचडी डीव्हीडीसाठी ०.६५ ताकदीचं भिंग घेतलं, म्हणजे डीव्हीडीच्या ०.६० च्या जवळचंच. माहितीचा थरही डीव्हीडीसारखाच पृष्ठभागाखाली ०.६ मिलिमीटरवर ठेवला. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स आणि त्यांच्या सोबत्यांनी ब्लू-रेसाठी ०.८५ चं भिंग घेतलं आणि थर ०.१ मिलिमीटरवर, अगदी कातडीखाली, आणून ठेवला. वहीत आकडेमोड करून पाहा: भिंगाची ताकद भागिले तरंगलांबी, आणि त्याचा वर्ग. डीव्हीडीच्या मानाने एचडी डीव्हीडी साधारण तिप्पट येते, ब्लू-रे पाचपटीच्या थोडी वर. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी. तिप्पट केले की चौदा-पंधरा, पाचपटीहून थोडे जास्त केले की चोवीस-पंचवीस. प्रत्यक्ष आकडे १५ आणि २५, दोन थर केले तर ३० आणि ५०. शाळेतल्या भौतिकशास्त्राने इतकं चोख उत्तर दिलं की मौज वाटते.

५० मोठे की ३०, हे कुणीही सांगेल. पण दोन तासांच्या सिनेमाला ३० जीबी म्हणजे सेकंदाला सरासरी ३३ मेगाबिट. नव्या कॉम्प्रेशनमध्ये एवढ्यात उत्तम चित्र बसतं. उलट ब्लू-रेच्या पहिल्या डिस्क एका थराच्या आणि जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या होत्या, आणि २००६ च्या उन्हाळ्यात समीक्षकांनी त्यांच्यावर नाकं मुरडली. चित्राच्या बाबतीत सुरुवातीला तोशिबाच पुढे होती.

आणखी एक गोष्ट तोशिबाच्या बाजूची होती. थर ०.६ मिलिमीटरवर असल्यामुळे डीव्हीडीच्या जुन्या कारखान्यांत थोडे बदल करून एचडी डीव्हीडी काढता येत होती. ब्लू-रेला नवी यंत्रं लागत. पातळ थरावर ओरखडे पडतील म्हणून पहिल्या ब्लू-रे डिस्क चक्क प्लास्टिकच्या डबीत बंद असायच्या. टीडीकेने कडक लेप शोधून काढला तेव्हा ती डबी गेली. तोशिबाचा सगळा युक्तिवाद ‘स्वस्त आणि तयार’ या दोन शब्दांवर उभा होता.

तडजोड का झाली नाही

१९९५ साली असाच प्रसंग येऊन गेला होता. तेव्हा एकीकडे सोनी-फिलिप्स आणि दुसरीकडे तोशिबा-टाइम वॉर्नर होते. आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर मध्ये पडले, संगणक कंपन्यांनी ‘दोन असतील तर एकही घेणार नाही’ असा दम दिला आणि दोघांचं मिळून डीव्हीडी झालं. त्यात तोशिबाच्या बाजूचं बरंच काही टिकलं. डीव्हीडीच्या पेटंटचं भाडं पुढे वर्षानुवर्षं येत राहिलं.

नेमकी ही जुनी मिळकत २००५ च्या वाटाघाटींत आडवी आली असावी, असं माझं मत. डीव्हीडीसारखीच रचना पुढे चालली तर तोशिबाचं आसन पक्कं राहणार होतं. ०.१ मिलिमीटरचा थर मान्य केला तर नव्या घरात ती भाडेकरू ठरणार होती. सोनीलाही तेच, फक्त उलट बाजूने. त्या वसंतात दोघांची बोलणी झाली आणि फिसकटली. १९९५ ला दम देणारा आयबीएमसारखा कुणी या वेळी नव्हता. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल तर २००५ च्या शरद ऋतूत उघडपणे एचडी डीव्हीडीच्या बाजूला जाऊन बसले.

पेटी उघडली तेव्हा

१८ एप्रिल २००६ ला एचडी-ए१ अमेरिकेत ४९९ डॉलरना विक्रीला आला. दोन महिन्यांनी आलेला सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरचा होता. एवढी तफावत पाहून लोकांना शंका आलीच. आयसप्लाय नावाची एक संस्था नवी उपकरणं विकत घेऊन, खोलून, आतल्या प्रत्येक चिपची किंमत मांडत असे. तिने एचडी-ए१ खोलला तर आत काय निघालं? इंटेलचा पेंटियम ४, एक गीगाबाइट मेमरी, ब्रॉडकॉमची व्हिडिओ चिप, आवाजासाठी चार वेगळे प्रोसेसर. प्लेअर कसला, तो काळ्या पेटीत घातलेला संगणकच होता. सुरू व्हायलाही संगणकाइतकाच वेळ घ्यायचा. बटण दाबून पाणी पिऊन यावं इतका.

नुसत्या सुट्या भागांची बेरीज ६७४ डॉलर झाली. जुळणी, रिमोट, वायरी आणि खोका धरले की सातशेच्या पुढे. आणि विक्रीची किंमत ४९९. शिवाय ते ४९९ तोशिबाच्या हातात पडत नव्हते, त्यातून दुकानदाराचा वाटा जायचा. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकामागे कंपनी पदरचे दोनशेहून अधिक डॉलर घालत होती.

यात मुळात गैर काही नाही. आपल्याकडे याला फार जुनी म्हण आहे, आवळा देऊन कोहळा काढणं. प्रिंटर स्वस्त द्यायचा, शाईवर कमवायचं. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत मोबाइल हातात दिला तो काही दानधर्म नव्हता, पुढची बिलं त्यांच्याकडेच भरायची होती. व्हिडिओ गेमच्या धंद्यात तर ही रीतच आहे. यंत्र तोट्यात द्यायचं आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे, तो कुणीही बनवलेला असो, हिस्सा घ्यायचा.

मात्र या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कोहळ्याचा वेल आपल्या परसात असला पाहिजे.

एचडी डीव्हीडी प्लेअर घरी गेल्यावर गिऱ्हाईक पुढे काय घेणार? सिनेमाच्या डिस्क. एका डिस्कचे वीस-तीस डॉलर. त्यातला मोठा भाग स्टुडिओचा, मग दुकानाचा, मग छपाई करणाऱ्या कारखान्याचा. पेटंटपोटी तोशिबाकडे येणार ते काही सेंट, आणि तेही इतर हक्कदारांबरोबर वाटून घ्यायचे. दोनशे डॉलरचा खड्डा अशा सेंटांनी भरायला एका घराने किती डिस्क घ्यायला हव्यात याचा हिशेब करून पाहिला तर हसू येतं. त्यातून २००७ मध्ये प्लेअरबरोबर टपालाने पाच डिस्क फुकट देण्याची योजना होती. म्हणजे सुरुवातीच्या डिस्कसुद्धा गिऱ्हाईक विकत घेत नव्हतं. वेल हॉलिवूडच्या परसात होता आणि त्याला पाणी तोशिबा घालत होती.

मग तोशिबाला अपेक्षा तरी काय होती? धीर धरायचा, यंत्रांची संख्या वाढवायची, स्टुडिओ आपोआप येतील, चिप स्वस्त होतील आणि एक दिवस तोशिबा सर्वमान्य फॉरमॅटची मालक होईल. चिप खरोखर स्वस्त झाल्या. २००७ च्या मॉडेलांत पेंटियमचं नावही उरलं नाही. पण चिपचे भाव उतरतील त्याच्याही आधी तोशिबा विक्रीची किंमत उतरवत गेली. त्यामुळे तोट्यातून डोकं वर काढायची संधी तिने स्वतःला कधी दिलीच नाही.

सोबती का पळाले

मला वाटतं, या प्रकरणाची गोम इथे आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांनी पाहिलं.

नव्या फॉरमॅटला एकटी कंपनी पुरत नाही. दुकानात फिरणाऱ्या माणसाला चार-पाच ओळखीच्या नावांचे प्लेअर शेजारी शेजारी मांडलेले दिसले की त्याला खात्री वाटते, हे टिकणार. व्हिडिओ कॅसेटच्या जुन्या लढाईत व्हीएचएसने बीटामॅक्सला हरवलं त्यात जेव्हीसीने अनेकांना हाताशी धरल्याचा मोठा वाटा होता. बीटामॅक्स सोनीचा, त्यामुळे हा धडा सोनीने स्वतःच्या पैशाने शिकलेला होता. फेब्रुवारी २००२ मध्ये ब्लू-रेची घोषणा झाली ती एकदम नऊ कंपन्यांच्या नावाने: सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स, पायोनियर, हिताची, एलजी, सॅमसंग, शार्प आणि थॉमसन.

आता एचडी डीव्हीडीच्या बाजूने विचार करा. तुम्ही मध्यम आकाराचे उत्पादक आहात. प्लेअर बनवायला तुम्हाला सहा-सातशे डॉलर लागतात. मुख्य कंपनी तोच माल ४९९ ला विकते आहे, वर्षभरात ३९९, मग २९९. फॉरमॅट जिंकला तर होणाऱ्या पेटंटच्या मिळकतीतही तुमचा वाटा नगण्य. तुम्ही या धंद्यात कशाला उतराल? आरसीएच्या नावाने आलेला प्लेअर खरं तर तोशिबाचाच होता. ओन्क्योने थोडे आणले. व्हेंचरर नावाने एक स्वस्त प्लेअर आला तो २००७ च्या शेवटी शेवटी. दुकानातल्या फळीवर एकीकडे सोनी, पॅनासॉनिक, सॅमसंग, पायोनियर, शार्प आणि दुसरीकडे तोशिबा, तोशिबा, तोशिबा. तोशिबाने किंमत पाडून गिऱ्हाईक ओढलं खरं, पण त्याच किमतीने आपल्या फॉरमॅटचं दार इतरांसाठी बंद करून टाकलं.

इथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. प्लेस्टेशन ३ सुद्धा पॅनासॉनिक आणि पायोनियरच्या हजार-दीड हजार डॉलरच्या प्लेअरपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. मग ते सोबती का नाही पळाले? माझ्या मते दोन कारणं. एक, गेमचं यंत्र दिवाणखान्यात नको असणारा पैसेवाला गिऱ्हाईकवर्ग वेगळा होता. काळ्या चकचकीत डब्याला गेमचा हातकंट्रोल लटकलेला पाहून त्याचा जीव खाली-वर व्हायचा. दुसरं, ब्लू-रेच्या पेटंटमध्ये या कंपन्या स्वतः भागीदार होत्या. प्लेस्टेशन कितीही खपलं तरी त्यांचं पोट मारलं जात नव्हतं, उलट फॉरमॅट घट्ट होत होता. सोनीच्या तोट्याची फळं सगळ्या गोटाला मिळत होती आणि त्यासाठी कुणाला खिशात हात घालावा लागत नव्हता.

सोनीचा खड्डा

प्लेस्टेशन ३ जपानमध्ये ११ नोव्हेंबर २००६ ला आलं, अमेरिकेत १७ नोव्हेंबरला. २० जीबीचं ४९९ डॉलरना, ६० जीबीचं ५९९ ला. आयसप्लायने तेही खोललं: लहान मॉडेलचा खर्च ८०५ डॉलर, मोठ्याचा ८४०. म्हणजे नगामागे तोटा अनुक्रमे तीनशे आणि अडीचशे डॉलरच्या आसपास. त्यात निळ्या लेझरचा तुटवडा पडला आणि युरोपातली विक्री मार्च २००७ पर्यंत ढकलावी लागली. भारतात ते एप्रिल २००७ मध्ये आलं, ३९,९९० रुपयांना. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाने २३२ अब्ज येनचा तोटा दाखवला.

हा आकडा लक्षात ठेवा. तोशिबाला एचडी डीव्हीडीपायी शंभर अब्ज येनच्या आसपास फटका बसेल असा अंदाज फेब्रुवारी २००८ मध्ये जपानी वर्तमानपत्रांत आला होता. सोनीने एका वर्षात त्याच्या दुपटीहून जास्त घालवले.

पण सोनीच्या यंत्रात डिस्क घालणारा माणूस गेमही विकत घेणार होता, आणि प्रत्येक गेमचा हिस्सा सोनीकडे येणार होता. शिवाय सिनेमाची डिस्क विकली गेली तर कोलंबियाचा स्टुडिओ सोनीचाच. लेझरचे भाग सोनी बनवते, पेटंटमध्ये सोनी आहे. कोहळा चार वेगवेगळ्या वेलांना धरणार होता आणि चारही वेल एकाच कुंपणात होते. हा तोटा भरून निघेलच याची खात्री नव्हती. पण भरून निघायला वाटा तरी होत्या.

त्यातली अधिक चतुराईची बाजू अशी, की गेमसाठी यंत्र घेणाऱ्याला ब्लू-रे प्लेअर न मागता मिळत होता. ‘कुठला फॉरमॅट घेऊ, चुकीचा निघाला तर?’ हा प्रश्न त्याला पडतच नव्हता. मायक्रोसॉफ्टने याच्या नेमकं उलट केलं. तिचं गेमचं यंत्र, एक्सबॉक्स ३६०, नोव्हेंबर २००५ मध्ये आला तो साध्या डीव्हीडी ड्राइव्हसह, आणि वर्षाने एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकायला काढला, १९९ डॉलरना. वेगळी वस्तू म्हटली की घ्यायची की नाही हे माणूस ठरवतो, आणि बहुतेकांनी नाही ठरवलं. २००७ अखेर जगभरात प्लेस्टेशन ३ एक कोटीच्या घरात पोचलं होतं. एचडी डीव्हीडीची सगळी यंत्रं, एक्सबॉक्सचे ते ड्राइव्ह धरून, दहा लाखांच्या आसपास.

यावर एचडी डीव्हीडीवाले म्हणत, प्लेस्टेशन घेणारी पोरं गेम खेळतात, सिनेमे विकत घेत नाहीत. युक्तिवाद अगदी खोटा नव्हता. पण दहापट यंत्रांतल्या थोड्यांनी जरी डिस्क घेतल्या तरी पारडं झुकतं. २००७ च्या अमेरिकी डिस्क-विक्रीत ब्लू-रे साधारण दोनास एक असं पुढे राहिलं.

स्टुडिओंची रांग

सोनी पिक्चर्स, डिस्ने, फॉक्स आणि लायन्सगेट ब्लू-रेकडे. युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडीकडे. पॅरामाउंट आणि वॉर्नर दोन्हीकडे. फॉक्सला ब्लू-रेचं नक्कल रोखणारं जादा कुलूप, बीडी प्लस, आवडलं होतं. शिवाय ब्लू-रेत जगाचे तीन विभाग पाडून डिस्क अडवता येत होत्या, एचडी डीव्हीडीत तशी सोय नव्हती. (भारत ‘सी’ विभागात पडला, चीन आणि रशियाबरोबर.) गिऱ्हाइकाच्या दृष्टीने कुलूप नसलेली डिस्क बरी; पण डिस्क कुठली काढायची हे गिऱ्हाईक ठरवत नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन यांनी ब्लू-रे सोडून फक्त एचडी डीव्हीडी धरली. त्यासाठी त्यांना रोख आणि जाहिरातींच्या हमीच्या रूपाने मिळून १५ कोटी डॉलर मिळाल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. आवळा-कोहळ्याच्या भाषेत सांगायचं तर आवळा पदरचा दिला, वेलाला पाणी घातलं, आणि आता वेलाच्या मालकाने कोहळा बाजारात आणावा म्हणून त्यालाच वर दक्षिणा देण्याची वेळ आली. इतकं करून स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केलेले सिनेमे त्या करारातून वगळलेलेच होते.

उरलं वॉर्नर. घरगुती व्हिडिओच्या बाजारातला हा सगळ्यांत मोठा स्टुडिओ, आणि डीव्हीडीच्या जन्मापासूनचा तोशिबाचा जुना मित्र. वॉर्नरने २००७ च्या जानेवारीत एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी असलेल्या डिस्कची कल्पना मांडली. एलजीने दोन्ही वाजवणारा प्लेअर आणला, ११९९ डॉलरचा. दोन्ही युक्त्यांचं पुढे काही झालं नाही. भांडण मिटत नाही तोवर लोक काहीच घेत नाहीत, डीव्हीडीची विक्री मात्र मंदावते आहे, हे वॉर्नरला दिसत होतं.

अशा वेळी ९८ डॉलरच्या सेलने वॉर्नरला नेमकं काय सांगितलं असेल? तोशिबाच्या मते, ‘बघा, आम्ही लाखो घरांत पोचतो आहोत’. पण त्या किमतीला प्लेअर घेणाऱ्या अनेकांनी तो ‘जुन्या डीव्हीडी छान दाखवणारा प्लेअर’ म्हणून घेतला असणार. एचडी-ए२ साध्या डीव्हीडीचं चित्र सुधारून १०८०आय या एचडी दर्जात दाखवायचा, आणि शंभर डॉलरला तेवढंही पुष्कळ होतं. जो माणूस शंभर डॉलरच्या वर जायला तयार नाही तो तीस डॉलरची डिस्क दर आठवड्याला घेईल, यावर कुठला स्टुडिओ विश्वास ठेवेल? आणि जी कंपनी वर्षभरात ४९९ वरून ९८ वर येते तिच्या खात्रीबद्दलही प्रश्न पडतोच. भाजीबाजारात संध्याकाळी सातला जुडी पाच रुपयांना ओरडणाऱ्याकडे आपण कसं पाहतो, तसंच.

४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने जाहीर केलं की मे अखेरनंतर फक्त ब्लू-रे. लास व्हेगासचं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन तीन दिवसांवर होतं. एचडी डीव्हीडीच्या गोटाने तिथली आपली पत्रकार परिषद रद्द केली.

यानंतर तोशिबाने काय करावं? तिने पुन्हा किमती कमी केल्या. एचडी-ए३ दीडशे डॉलरला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात तिची जाहिरात झळकली, आणि त्या जाहिरातीचा सेकंदासेकंदाचा भाव जगात सगळ्यांत महाग असतो. एकच हत्यार परजत राहिल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. ११ फेब्रुवारीला नेटफ्लिक्स (तेव्हा ते टपालाने डिस्क भाड्याने द्यायचं) आणि बेस्ट बाय ब्लू-रेकडे गेले. १५ तारखेला वॉलमार्ट गेलं. तेच वॉलमार्ट, जिथे साडेतीन महिन्यांपूर्वी रांगा लागल्या होत्या. चार दिवसांनी निशिदा पत्रकारांसमोर आले.

वेगळं काही करता आलं असतं?

नंतर शहाणं होणं सोपं असतं हे मान्य करून लिहितो. पहिल्या वर्षी किंमत ४९९ ऐवजी ७९९ ठेवली असती तरी ती सॅमसंगच्या खालीच राहिली असती आणि इतर उत्पादकांना श्वास घ्यायला जागा मिळाली असती. चिनी कारखान्यांना परवाने २००६ मध्येच सढळ हाताने द्यायला हवे होते, म्हणजे स्वस्त प्लेअर तोशिबाच्या खिशातून न येता त्यांच्या कमी खर्चातून आले असते. डीव्हीडी प्लेअर जगभर पसरले ते असेच. पण या दोन्ही वाटांना वेळ लागतो आणि नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन येणार हे तोशिबाला दिसत होतं. मायक्रोसॉफ्टने ड्राइव्ह यंत्रातच बसवला असता तर चित्र पालटलं असतं असंही म्हटलं जातं. पण २००५ च्या नोव्हेंबरात ड्राइव्ह तयारच नव्हता, आणि मायक्रोसॉफ्टला वर्षभर थांबायचं नव्हतं. म्हणून माझा कौल २००५ च्या वाटाघाटींकडे जातो. ती बोलणी जमवून पेटंटचा लहानसा वाटा घेतला असता तरी तोशिबा पुढची दहा वर्षं घरबसल्या कमावत राहिली असती.

आणि सोनी? डिस्कची लढाई जिंकताना तिने गेमची आघाडी घालवली. ब्लू-रेच्या ड्राइव्हमुळे यंत्र उशिरा आलं आणि महाग झालं. तेवढ्यात निनटेंडोने अडीचशे डॉलरचं ‘वी’ नावाचं गेमचं यंत्र विकून मैदान मारलं. दहा-पंधरा कोटींच्या भाषेत मोजल्या जाणाऱ्या प्लेस्टेशन २ नंतर तिसरं यंत्र नऊ कोटींच्या आतच थांबलं. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी २००७ च्या जूनमध्ये निवृत्त झाले.

आपल्याकडे या भांडणाचा आवाज फारसा पोचलाच नाही. त्याच काळात मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात ओतली होती. किराणा दुकानात शांपूच्या पुड्यांशेजारी सिनेमे लटकत होते, त्यात मराठीही. निळा लेझर घरी आणण्याआधी बहुतेकांच्या हाती केबलचा नवा डबा आणि मग मोबाइल आला.

निशिदांनी माघार जाहीर केली त्याच १९ फेब्रुवारीला तोशिबाने आणखी एक घोषणा केली होती: सॅनडिस्कच्या सोबतीने योक्काइची आणि किताकामी इथे फ्लॅश मेमरीचे दोन नवे कारखाने, १.७ लाख कोटी येनहून जास्त गुंतवणूक. त्या दिवशी मथळे अर्थातच डिस्कचे झाले.

दीड वर्षाने, ऑगस्ट २००९ मध्ये, तोशिबाने ब्लू-रे संघटनेत सामील होण्यासाठी अर्ज केला. वर्ष संपायच्या आत अमेरिकेत तिचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला, बीडीएक्स२०००. किंमत २४९ डॉलर ९९ सेंट.